जळीत आणि भरपाईचा हक्क

भाजलेल्या माणसाला भरपाई मिळवून देणारा एकच असा कायदा भारतात नाही. माणूस कशाने भाजला, कुठे भाजला आणि कसूर कोणाची होती, यावरून त्याने कोणते दार ठोठावायचे ते ठरते. स्वयंपाकघरात सिलिंडरचा भडका उडाला तर एक वाट, कारखान्यात बॉयलर फुटला तर दुसरी. महामार्गावर टँकर पेटला, शेतात तुटलेल्या तारेचा झटका बसला किंवा कोणी अंगावर ॲसिड फेकले, तर आणखी वेगळ्या वाटा. प्रत्येक वाटेची मुदत निराळी, पुरावा निराळा आणि रकमेचे गणितही निराळे. जखम मात्र सगळीकडे सारखीच चिवट असते. पहिले काही आठवडे जीव वाचवण्यात जातात, पुढचे महिने त्वचारोपणात आणि त्यानंतरची वर्षे आखडलेली कातडी सोडवण्यात. दाव्याची मुदत यातल्या कशासाठीच थांबत नाही. रुग्ण खाटेवर असतानाच ती सरू लागते, आणि पुरावाही त्याच दिवसांत तयार होतो किंवा कायमचा हातचा जातो. या विषयाची सुरुवात त्यामुळे वकिलाच्या ऑफिसातून करता येत नाही, जळीत कक्षातूनच करावी लागते.

पहिले कागद

भाजलेला माणूस रुग्णालयात आला की अपघात विभागातला डॉक्टर त्याची ‘एमएलसी’, म्हणजे न्यायवैद्यक नोंद करतो. रुग्ण किती वाजता आला, कोणी आणला, शरीराचा किती भाग भाजला आणि ‘कसे भाजले’ या प्रश्नाला काय उत्तर मिळाले, एवढे त्यात असते. यातले शेवटचे वाक्य पुढे सर्वांत महाग पडते. धावपळीत सोबतचा शेजारी ‘स्वयंपाक करताना भाजली’ एवढेच सांगतो. रेग्युलेटरपाशी गॅसचा वास येत होता, वितरकाकडे तक्रार केली होती, तरी माणूस पाठवला गेला नाही, यातले काहीच कागदावर येत नाही. वर्षभराने विमा कंपनीचा वकील तेच एक वाक्य वाचून दाखवतो आणि कसूर रुग्णावर ढकलतो. नातेवाइकांनी पहिल्याच दिवशी घटना नीट सांगावी आणि डॉक्टरने काय लिहिले ते विचारून घ्यावे. चूक राहिली असेल तर पोलिसांच्या जबाबात ती लगेच दुरुस्त करावी.

विवाहित बाईच्या बाबतीत या नोंदीला आणखी एक काळी बाजू आहे. ‘स्टोव्हचा भडका उडाला’ हा जबाब महाराष्ट्रातल्या जळीत कक्षांना फार जुना परिचयाचा आहे. कित्येकदा तो सासरची माणसे खाटेशी उभी असताना दिलेला असतो. अशा रुग्णाचा जबाब कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडून नोंदवून घेण्याची पद्धत आहे. त्या वेळी नातेवाइकांना बाहेर काढले होते का, रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत असल्याचा डॉक्टरचा शेरा कागदावर आहे का, हे पुढे न्यायालय बारकाईने पाहते. पहिला आणि दुसरा जबाब जुळत नसतील तर दुसरा आपोआप खोटा ठरत नाही, पण तो आधी का दिला गेला नाही याचे कारण पुराव्याने दाखवावे लागते.

भाजण्याचे प्रमाण साधारणपणे ‘नऊच्या नियमा’ने मोजतात. प्रौढ माणसाचे डोके नऊ टक्के, एकेक हात नऊ टक्के, एकेक पाय अठरा टक्के, धडाची पुढची बाजू अठरा आणि मागची अठरा. लहान मुलांचे डोके शरीराच्या मानाने मोठे असल्याने त्यांच्यासाठी वेगळा तक्ता वापरतात. हा आकडा जीव वाचेल की नाही याचा अंदाज बांधायला उपयोगी पडतो. भरपाईच्या कामात मात्र तो फसवा ठरतो, आणि हे पुढे वारंवार दिसेल.

रुग्णालयाबाहेर चार कागद महत्त्वाचे: पोलिसांचा घटनास्थळाचा पंचनामा, अग्निशमन दलाचा अहवाल, गुन्हा नोंदला असल्यास एफआयआरची प्रत आणि संबंधित निरीक्षकाचा तपास अहवाल. वस्तू तर कागदाहून बोलक्या असतात. वितळलेली रबरी नळी, रेग्युलेटर, फुटलेला गिझर किंवा चार्जर घर साफ करताना फेकून दिला तर दोष नेमका कशात होता हे सिद्ध करायला काहीच उरत नाही. त्या वस्तू पोलिसांकरवी पंचनाम्यात जप्त करून घ्याव्यात. जखमांचे फोटो दर काही आठवड्यांनी तारखेसह काढून ठेवावेत, कारण खटला उभा राहीपर्यंत जखम भरून आलेली असते आणि न्यायाधीशाला दिसतो तो फक्त व्रण. ड्रेसिंग, मलम, व्रण दाबून ठेवणारे घट्ट प्रेशर गारमेंट, रिक्षाभाडे, अंडी-दुधाचा खुराक, सोबत बसलेल्या माणसाचा बुडालेला रोज, या सगळ्याच्या पावत्या किंवा निदान तारीखवार हिशेब लागतो.

घरातला सिलिंडर

घरगुती गॅसच्या ग्राहकांसाठी सरकारी तेल कंपन्यांनी सार्वजनिक दायित्व विमा घेतलेला असतो. त्यासाठी ग्राहकाला वेगळा हप्ता भरावा लागत नाही, आणि बहुतेक घरांना तो असल्याचे ठाऊकही नसते. या विम्यात मृत्यू झाल्यास प्रत्येक व्यक्तीमागे ६ लाख रुपये, उपचारखर्चासाठी प्रत्येक जखमीला २ लाखांपर्यंत आणि एका घटनेसाठी एकूण ३० लाखांपर्यंत रक्कम मिळते. नोंदणीकृत पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी २ लाखांपर्यंतची तरतूद आहे. प्रक्रिया साधी आहे. अपघात होताच वितरकाला लेखी कळवायचे. वितरक तेल कंपनीला कळवतो आणि कंपनी विमा कंपनीला. उपचारांची बिले, औषधांच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड आणि मृत्यू झाला असल्यास शवविच्छेदन अहवाल जोडावा लागतो. घोडे अडते ते बहुधा दोन ठिकाणी. काळ्या बाजारातला सिलिंडर असेल, किंवा नळी आणि रेग्युलेटर आयएसआय चिन्हाचे नसतील, तर दावा नाकारला जाण्याची शक्यता वाढते.

सिलिंडरच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्टीवर आतल्या बाजूने एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे आकडे वर्षाचे. ‘बी-२७’ असलेला सिलिंडर जून २०२७ पर्यंत पुढच्या चाचणीला जायला हवा. स्फोटानंतर ही पट्टी शाबूत राहिली असेल तर तिचा फोटो पंचनाम्यात यायलाच हवा. चाचणीची तारीख उलटलेला सिलिंडर घरी पोहोचवणे ही पुरवठादाराची सरळ कसूर आहे.

विम्याची रक्कम हा तातडीचा आधार झाला. तिने पूर्ण नुकसान भरून निघत नसेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग खुला असतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष उत्पादनाच्या दायित्वावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात उत्पादक, विक्रेता आणि सेवा पुरवणारा अशा तिघांनाही जबाबदार धरता येते. प्रेशर कुकर, गिझर, मोबाइलची बॅटरी, चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक स्कूटर अशा वस्तूंनी भाजल्याच्या तक्रारी याच कायद्याखाली येतात. तक्रारीची मुदत घटनेपासून दोन वर्षे, आणि उशीर झाला तर त्याचे पटणारे कारण द्यावे लागते. तक्रार जिल्हा, राज्य की राष्ट्रीय आयोगाकडे करायची हे मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही. वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवरून ते ठरते: ५० लाखांपर्यंत जिल्हा, २ कोटींपर्यंत राज्य, त्यापुढे राष्ट्रीय. मोटारीला आग लागून झालेल्या एका मृत्यूच्या प्रकरणात या नियमालाच आव्हान दिले गेले होते, पण सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तो वैध ठरवला. परिणामी हजार-दोन हजारांच्या कुकरने चेहरा गेलेल्या बाईचा कितीही मोठा दावा जिल्हा आयोगातच सुरू होतो. तिच्यासाठी हे एका अर्थी सोयीचेही आहे, कारण जिल्ह्याच्या ठिकाणी वकिलाशिवायही तक्रार लढवता येते.

कामावर भाजणे

कामाच्या ठिकाणी भाजलेल्या कामगाराला मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. अपघात कामातून आणि काम चालू असताना घडला एवढे दाखवणे पुरते. हे तत्त्व १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने आणले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ते कायम राहिले आहे, आणि त्या तारखेआधीच्या अपघातांचे दावे जुन्याच कायद्याखाली चालतात. कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेखाली (ईएसआय) नोंदलेला असेल तर त्याला मालकाकडून भरपाई न मिळता कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून उपचार आणि अपंगत्वाचा लाभ मिळतो. तात्पुरत्या अपंगत्वात तो वेतनाच्या सुमारे ९० टक्के असतो. ईएसआय नसलेल्या लहान कारखान्यात, भट्टीवर, फटाक्यांच्या शेडमध्ये, हॉटेलच्या भटारखान्यात किंवा लग्नाच्या मांडवामागे तेलाच्या कढईशी काम करणाऱ्याला थेट मालकावर दावा करता येतो.

१९२३ च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातली एक नोंद भाजलेल्यांच्या दृष्टीने फार मोलाची आहे. दोन्ही हात गमावणे, दृष्टी जाणे यांसारख्या शंभर टक्के कमाई-क्षमता बुडवणाऱ्या इजांच्या यादीत ‘चेहऱ्याची अतिशय गंभीर विद्रूपता’ हीसुद्धा आहे. हातपाय धड असले तरी असा चेहरा घेऊन काम मिळत नाही, हे कायद्याने मान्य केले आहे. तरीही कित्येक दाव्यांत ही नोंद मांडलीच जात नाही. डॉक्टरच्या दाखल्यावर ‘१५ टक्के अपंगत्व’ येते आणि दावा तेवढ्यावरच निकालात निघतो.

संपूर्ण कायम अपंगत्वात मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणांकाने गुणतात. वय तीस असेल तर गुणांक २०७.९८ असतो. वेतन १५,००० रुपये धरले तर ९,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १८,७१,८२० रुपये. प्रत्यक्ष पगार याहून जास्त असला तरी केंद्र सरकारने २०२० पासून या हिशेबासाठी वेतनाची मर्यादा १५,००० वरच ठेवली. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने वेगळा द्यायचा असतो. १९२३ च्या कायद्यात रक्कम महिन्याभरात दिली नाही तर दरसाल १२ टक्के व्याज आणि समर्थनीय कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दाव्याची मुदत दोन वर्षे.

कामगार ठेकेदाराचा असला तरी ज्याच्या जागेत आणि ज्याच्या धंद्याचे काम चालू होते त्या मुख्य मालकावर दावा करता येतो. कारखान्याला परवाना नव्हता, कामगाराचे नाव हजेरीपटावर नव्हते, या सबबी मालकाच्या उपयोगी पडत नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडजवळच्या तळवडे येथे केकवरच्या फुलबाज्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागून तिथल्या कामगार बायका होरपळल्या. अशा आडवाटेच्या कारखान्यांत बायकांकडे ओळखपत्र नसते, पगाराची चिठ्ठी नसते. सोबत काम करणाऱ्या दोघींचा जबाब, मुकादमाचा मोबाइलवरचा संदेश, खात्यात आलेली एखादी रक्कम एवढ्यावरही नोकरी सिद्ध होऊ शकते.

मालक रुग्णालयाचे बिल भरतो आणि त्याच वेळी ‘आता काही देणेघेणे राहिले नाही’ अशा स्टॅम्पपेपरवर अंगठा घेतो, हा प्रकार सर्रास चालतो. भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने रद्दबातल आहे. तडजोड करायचीच असेल तर ती भरपाई आयुक्तापुढे नोंदवावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटल्यास आयुक्त ती नोंद नाकारू शकतो.

रस्त्यावरची आग

२९ ऑक्टोबर १९८७. पहाटे तीनच्या सुमारास पुणे-बंगळूर महामार्गावर सातारा जिल्ह्यातील कवठे गावाजवळ पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याखाली उलटला आणि पेट्रोल गळून आसपास साचले. सव्वासातच्या सुमारास स्फोट झाला, तेव्हा टँकरभोवती माणसे जमलेली होती. कित्येक जण भाजले, काही दगावले. भरपाईच्या अर्जाला मालक आणि विमा कंपनीचे उत्तर असे होते की टक्कर चार तासांपूर्वीच संपली होती आणि उलटून पडलेला टँकर तेव्हा ‘वापरात’ नव्हता. स्फोट लोकांच्या गर्दीमुळे झाला, वाहनामुळे नाही, असे त्यांचे म्हणणे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ते मान्य केले.

मुंबई उच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. पेट्रोल टँकरमध्ये होते म्हणून सांडले, टक्कर झाली म्हणून सांडले आणि सांडले म्हणून पेटले, अशी ती साखळी न्यायालयाने जोडली. वाहनाचा ‘वापर’ म्हणजे चाके फिरत असणे एवढाच अर्थ घेता येणार नाही, बंद पडलेले किंवा उलटलेले वाहनही वापरात असू शकते, असे त्याने स्पष्ट केले. टँकरभोवती जमलेली माणसे पेट्रोल भरून घ्यायला आली होती की बघायला, यावर त्यांचा हक्क अवलंबून राहिला नाही. पेटलेली बस, स्फोट झालेली गाडी, टँकरमधून उडालेले रसायन अशा घटनांच्या दाव्यांत हा कवठ्याचा निकाल आजही पहिल्या पानावर येतो.

मोटार वाहन कायद्यात आता चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. चूक सिद्ध करून पूर्ण भरपाई मागायची असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून अर्जाची मुदत सहा महिने झाली आहे. गंभीर जळिताचा रुग्ण सहा महिन्यांत धड उठून बसलेलाही नसतो, हे पाहता ही मुदत क्रूर म्हणावी अशीच आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर थांबणे धोक्याचे. पोलिसांनी अपघाताचा सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो आणि तोच दावा म्हणून धरता येतो. तो पाठवला गेला का, याचा पाठपुरावा नातेवाइकांनी करावा. टँकरचा चालक किंवा क्लीनरच भाजला असेल तर त्याला कामगार भरपाई आणि मोटार अपघात दावा यांपैकी एकच मार्ग निवडता येतो.

विजेचे जळीत

विजेच्या झटक्यात वीज शरीरात एका जागेतून शिरते आणि दुसरीकडून बाहेर पडते. तळहातावर रुपयाएवढा काळा डाग आणि तळपायाला एक भोक, एवढेच वरून दिसते. आत स्नायू, नसा आणि रक्तवाहिन्या शिजून गेलेल्या असतात. भाजण्याचे प्रमाण ‘५ टक्के’ लिहिलेल्या रुग्णाचा हात कोपरापासून कापावा लागतो तो यामुळे. त्वचेच्या टक्क्यांवर भरपाई मोजायची तर सर्वांत मोठा अन्याय अशाच रुग्णांवर होईल.

येथे कायदा रुग्णाच्या बाजूने बराच पुढे गेला आहे. मध्य प्रदेशात पाणी साचलेल्या रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने सायकलस्वाराचा बळी घेतला, त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये कठोर दायित्वाचे तत्त्व लावले. इतकी धोकादायक गोष्ट लोकांमध्ये पोहोचवणाऱ्याने ती निसटणार नाही याची हमी घ्यावी, तार कोणी बेकायदा ओढली होती हे सांगून त्याला सुटता येणार नाही, असा तो निकाल आहे. हरियाणात गच्चीजवळून गेलेल्या अकरा हजार व्होल्टच्या तारेने एका लहान मुलाचे दोन्ही हात आणि एक पाय गेला. त्याला दिलेली ६० लाखांची भरपाई २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली.

महाराष्ट्रात अशा वेळी महावितरणकडून मिळणारी मदत आणि न्यायालयाने ठरवलेली भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाव्याचा कणा असतो तो विद्युत निरीक्षकाचा अहवाल. तारेची उंची किती होती, घरापासून अंतर किती, फ्यूज उडायला हवा होता तो उडाला का, हे सगळे त्यात असते. जळीतग्रस्ताच्या बाजूने या अहवालाची प्रमाणित प्रत मागणारा अर्ज लवकर जायला हवा. दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. वस्तुस्थिती वादातीत असेल तर उच्च न्यायालयही रिट अर्जात थेट भरपाई देते.

गुन्ह्यातले जळीत

ॲसिड हल्ल्यासाठी भारतीय न्याय संहितेच्या १२४ व्या कलमात किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. दंडाची रक्कम उपचाराला पुरेल इतकी असावी आणि ती पीडितेला मिळावी, असेही ते कलम सांगते. पण आरोपी सापडेपर्यंत किंवा शिक्षा होईपर्यंत उपचार थांबत नाहीत, म्हणून राज्यावर वेगळी जबाबदारी टाकलेली आहे. २०१३ च्या लक्ष्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान ३ लाख रुपये, त्यातले १ लाख पंधरा दिवसांत, देण्याचा आदेश दिला. सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाला ॲसिड पीडितेवर तातडीने आणि मोफत उपचार करणे बंधनकारक आहे, आणि नकार देणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात २ ऑक्टोबर २०१३ पासून ‘मनोधैर्य’ योजना आहे. सुधारित योजनेत ही रक्कम १० लाखांपर्यंत जाऊ शकते. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. आरोपी अज्ञात किंवा फरार असला तरी ही मदत अडत नाही.

रॉकेल किंवा पेट्रोल टाकून जाळलेल्या बाईची गोष्ट जास्त अवघड आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ॲसिड हल्ला पीडित ही स्वतंत्र वर्गवारी आहे, पण आगीने तसाच चेहरा गेलेल्या बाईला ती लागू होत नाही. तिला आखडलेल्या मानेचे किंवा बोटांचे अपंगत्व मोजून घ्यावे लागते. जखम सारखी, वेदना सारखी, मग प्रमाणपत्राला पदार्थ का पाहावा? हा भेद दुरुस्त व्हायला हवा. भरपाईच्या राष्ट्रीय योजनेत मात्र जाळलेल्या स्त्रियांसाठी स्वतंत्र नोंद आहे आणि विद्रूपता आल्यास ७ ते ८ लाखांची शिफारस आहे. शिवाय कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, २००५ खाली दंडाधिकारी उपचारखर्च आणि मानसिक यातनांची भरपाई नवऱ्याकडून किंवा सासरकडून देववू शकतो. त्यासाठी फौजदारी खटल्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

रक्कम कशी ठरते

मोटार अपघाताच्या आणि बऱ्याच दिवाणी दाव्यांत रकमेचा साचा २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालातून येतो. त्या निकालाने शारीरिक अपंगत्व आणि कमाईचे अपंगत्व यांत ठळक रेघ ओढली. डॉक्टर सांगतो तो अवयवाचा टक्का. न्यायालयाला पाहायचे असते ते त्या माणसाच्या पोटापाण्याचे काम.

ब्लाऊज शिवणाऱ्या बत्तीस वर्षांच्या शिंपिणीचा उजवा तळहात भाजला असे धरू. व्रण आखडल्याने अंगठा तळहाताकडे ओढला गेला आहे आणि तर्जनी अर्धीच उघडते. सुई धरता येते, पण कात्री चालवता येत नाही, मापाची टेप ताणता येत नाही, इस्त्रीच्या उष्णतेने नवी कातडी चिरते. सिव्हिल सर्जनच्या दाखल्यावर पूर्ण शरीराचे अपंगत्व १२ टक्के येईल. तिच्या कमाईचे नुकसान मात्र ४० टक्क्यांहून कमी म्हणता येणार नाही. महिन्याला १५,००० कमाई, चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसासाठी भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवून २१,००० रुपये. वर्षाचे २,५२,०००. वय ३१ ते ३५ साठी गुणक १६, म्हणजे ४०,३२,०००. त्याचे ४० टक्के १६,१२,८०० रुपये. डॉक्टरचे १२ टक्के धरले असते तर हीच रक्कम ४,८३,८४० झाली असती. अकरा लाखांहून जास्त असलेला हा फरक साक्षीतून निघतो. डॉक्टरला न्यायालयात बोलावून ‘या हाताने ही बाई कोणकोणती कामे करू शकत नाही’ हे वदवून घ्यावे लागते, आणि तिच्या दुकानात कापड देणाऱ्या एखाद्या गिऱ्हाइकाची साक्षही काढावी लागते.

गृहिणीला कमाई नाही म्हणून भरपाई नाही, ही समजूत कधीच मोडीत निघाली आहे. जमशेदपूरला ३ मार्च १९८९ रोजी टाटा स्टीलच्या समारंभात मांडवाला आग लागून अनेक बायका आणि मुले होरपळली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा हिशेब करण्यासाठी माजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांना नेमले होते. २००१ च्या अंतिम निकालात गृहिणीच्या घरकामाची किंमत महिना ३,००० रुपये धरली गेली. पुढच्या निकालांनी हा आकडा वाढवला आणि तत्त्व पक्के केले.

कमाईशिवायची कलमे अशी: झालेला आणि पुढे होणारा उपचारखर्च, सोबत्याचा खर्च, वेदना आणि यातना, जगण्यातले सुख कमी होणे, अविवाहित असल्यास लग्नाची संधी जाणे. भाजलेल्या लहान मुलाच्या बाबतीत ‘पुढे होणारा उपचारखर्च’ हे सर्वांत मोठे कलम असायला हवे. मूल वाढते, पण व्रणाची कातडी त्या वेगाने वाढत नाही. काखेतला किंवा गुडघ्यामागचा व्रण दर काही वर्षांनी शस्त्रक्रिया करून सोडवावा लागतो. आणि निवाडा एकदा झाला की पुढच्या शस्त्रक्रियेसाठी तो पुन्हा उघडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या नागप्पा प्रकरणात सांगितले आहे. म्हणून प्लॅस्टिक सर्जनकडून येत्या वर्षांत अंदाजे किती शस्त्रक्रिया लागतील आणि त्यांचा खर्च किती, याचा लेखी दाखला निवाड्याआधीच दाखल करावा लागतो. त्याच निकालाने दुसरी गोष्टही स्पष्ट केली: पुरावा असेल तर न्यायाधिकरण अर्जात मागितल्यापेक्षा जास्त रक्कमही देऊ शकते.

मोठ्या आगींत अनेकांना एकसारखी रक्कम देण्याची पद्धत आहे आणि तिच्यात जखमींची उपेक्षा होते. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ जण दगावले आणि १०३ जखमी झाले. उच्च न्यायालयाने मृतांच्या वारसांना वयानुसार १८ आणि १५ लाख ठरवले, ते सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये १० आणि साडेसात लाखांवर आणले. दंडात्मक भरपाई अडीच कोटींवरून २५ लाखांवर आली. जखमींसाठी सरसकट एक लाख होता. कोणाचा श्वास गेला, कोणाचे फुप्फुस कायमचे निकामी झाले, याचा त्या एक लाखात काही पडताळाच नाही. अशा घटनेतल्या जखमीने सामूहिक अर्जावर विसंबून न राहता आपले वैद्यकीय कागद स्वतंत्रपणे पुढे करणे शहाणपणाचे. सरकारने जाहीर केलेली सानुग्रह मदत घेतल्याने कायदेशीर हक्क संपत नाही, हेही लक्षात ठेवावे.

वकील आणि पैसे हाती येणे

स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि सामूहिक आपत्तीचे बळी यांना उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. भाजलेल्यांपैकी बहुतेक जण यातल्या कोणत्या ना कोणत्या वर्गात बसतात. तरीही रक्कम मिळाल्यावर टक्केवारीने फी घेण्याच्या बोलीवर कोरी वकीलपत्रे सही करून दिली जातात. वकिलाने दाव्याच्या रकमेत वाटा ठरवून घेणे व्यवसायाच्या नियमांना धरून नाही.

निवाडा झाल्यावर मोटार अपघाताची रक्कम विमा कंपनीने तीस दिवसांत न्यायाधिकरणात भरायची असते. अपील नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात करता येते, ते जास्त रकमेसाठीही करता येते. मोठ्या रकमेचा काही भाग न्यायाधिकरण राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकते, विशेषतः रुग्ण अल्पवयीन किंवा निरक्षर असेल तेव्हा. मधेच शस्त्रक्रिया निघाली तर सर्जनच्या अंदाजपत्रकासह अर्ज करून ती ठेव मुदतीआधी मोडण्याची परवानगी मिळते. विमा कंपनी पैसे भरत नसेल तर न्यायाधिकरणाकडून वसुलीचा दाखला घ्यायचा. तो जिल्हाधिकाऱ्याकडे गेला की रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते, आणि निवाड्यात ठरलेले व्याज प्रत्यक्ष भरणा होईपर्यंत चालू राहते.